ठिणगी कुठे अडते?

जुन्या आउटबोर्ड इंजिनाच्या दुरुस्तीत सुटे भाग बदलण्याआधी योग्य क्रमाने प्रश्न विचारणे महत्त्वाचे असते.

पावसाळा ओसरू लागला की कोकण किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला जातो, होड्यांवर नव्या रंगाचा हात फिरतो आणि त्याच सुमारास बंदराबंदरांत आणखी एक दृश्य दिसते. होडीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या इंजिनाची दोरी कुणीतरी पुन:पुन्हा ओढत असतो. इंजिन एखादा उसासा टाकते आणि गप्प होते. दोन महिने खाऱ्या, दमट हवेत पडून राहिलेले जुने इंजिन पहिल्याच दोरीला सुरू होणे ही तशी दुर्मीळच गोष्ट.

इंजिन किनाऱ्यावर रुसले तर ती केवळ कटकट असते. तेच इंजिन खाडीच्या मुखाशी बंद पडले, तर प्रश्न जिवाचा होतो. नदीचा प्रवाह, समुद्राची लाट आणि वाळूचा उथळ पट्टा यांची तिथे गाठ पडते आणि जोर गेलेली होडी काही मिनिटांत फुटणाऱ्या लाटांकडे आडवी होऊन वाहू लागते. रस्त्यावर बंद पडलेली स्कूटर ढकलून कडेला नेता येते. पाण्यात तशी कडा नसते. त्यामुळे खाडीत जाळे टाकणारा लहान मच्छीमार असो, पर्यटकांना फिरवणारा व्यावसायिक असो किंवा हौसेने जुनी होडी बाळगणारा शहरवासी असो, इंजिनाची ठिणगी कुठे अडते हे समजून घेणे तिघांच्याही हिताचे आहे.

येथे एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे. ट्रॉलरसारख्या मोठ्या यांत्रिक नौकांवर बहुधा डिझेल इंजिन असते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे तिथे ठिणगी नसते आणि ठिणगीचे दुखणेही नसते. होडीच्या मागे टांगलेले छोटे आउटबोर्ड इंजिन मात्र सामान्यत: पेट्रोलवर, काही ठिकाणी पेट्रोलने सुरू करून केरोसीनवर चालवले जाते. त्याला प्रत्येक फेरीला ठिणगी लागते. येथील विवेचन अशा जुन्या, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला समोर ठेवून केले आहे.

'करंट' येतो कुठून?

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये आपले आउटबोर्ड इंजिन बाजारात आणले. त्याच्या काही वर्षे आधी, १९०२ मध्ये, जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला होता. बॅटरीविना ठिणगी पाडणारे हे यंत्र होडीसाठी फारच सोयीचे ठरले. ओल्या होडीत बॅटरी सांभाळण्यापेक्षा दोरी ओढून वीज निर्माण करणे केव्हाही सोपे.

मॅग्नेटोचे कार्य समजायला अवघड नाही. इंजिनाच्या माथ्यावर जे जड चाक फिरते, त्या फ्लायव्हीलच्या आतील बाजूस लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाखाली तारेची दोन वेटोळी असलेली कॉइल असते. त्यातील एक वेटोळे जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. चुंबक कॉइलसमोरून गेले की जाड वेटोळ्यात वीजप्रवाह सुरू होतो. त्या प्रवाहाच्या मार्गात दोन छोटे धातूचे स्पर्शबिंदू असतात. त्यांनाच मेकॅनिक 'पॉइंट' म्हणतात. क्रँकशाफ्टवरील उंचवटा नेमक्या क्षणी हे पॉइंट उघडतो, प्रवाह एकाएकी तुटतो आणि या आकस्मिक तुटण्यामुळे बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तोच प्लगच्या फटीतून उडी मारतो. पॉइंटना जोडलेला कंडेन्सर प्रवाह तुटताना पॉइंटवरच ठिणगी पडू देत नाही. त्यामुळे प्रवाह झटकन तुटतो आणि पॉइंटही जळत नाहीत.

ज्यांनी जुनी बजाज चेतक चालवली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. स्कूटर बंद पडली की प्लग काढून पुसायचा, नाहीतर गॅरेजमध्ये 'पॉइंट साफ' करून घ्यायचे, हा शहरांतील एका पिढीचा नित्याचा अनुभव होता. तत्त्व तेच आहे. फरक एवढाच, की होडीवरील इंजिनाच्या वाट्याला खारे पाणी येते आणि कामाचा ताणही अधिक असतो. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ७५ वेळा ठिणगी पडावी लागते. या साखळीतील एक दुवा जरी ढिला झाला, तरी इंजिन अडखळते.

दोष खरोखर ठिणगीचाच आहे का?

इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात इंधन, पुरेसा दाब आणि योग्य वेळी ठिणगी. इंजिन सुरू झाले नाही की अनेकजण तडक प्लग, पॉइंट, कॉइल असे एकेक भाग विकत आणून बसवू लागतात. खर्च होतो आणि दोष जागेवरच राहतो. त्याऐवजी प्रत्येक तपासणीने संशयाचे क्षेत्र निम्म्याने कमी व्हावे, असा क्रम ठेवला तर बहुतेक दोष कमी वेळात हाती लागतो.

दाबाची परीक्षा सर्वांत सोपी. दोरी ओढताना हाताला ठरावीक अंतराने अडथळा जाणवला पाहिजे. दोरी पाण्यातून ओढल्यासारखी सहज येत असेल, तर ठिणगी शोधण्यात अर्थ नाही. दाबमापक उपलब्ध असल्यास दोन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत हे पाहावे. त्यांत मोठी तफावत असेल, तर दुखणे पिस्टन-रिंगचे किंवा गास्केटचे आहे.

इंधनाची परीक्षा प्लग स्वत:च देतो. पाच-सहा वेळा चोक देऊन दोरी ओढल्यावर प्लग काढून पाहावा. तो कोरडा ठणठणीत असेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद आहे का, नळीवरील रबरी हातपंप दाबल्यावर घट्ट होतो का, गाळणी तुंबली आहे का, हे बघावे. प्लग पेट्रोलने ओला असेल आणि तरीही इंजिन सुरू होत नसेल, तर संशयाची सुई ठिणगीकडे वळते.

यात शिळ्या इंधनाचा विसर पडू नये. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिनाला नेमके तेच पहिल्यांदा मिळते. समुद्रकिनारी पावसाळाभर अर्धवट भरून ठेवलेली टाकी हे याचे हमखास निमित्त. अशा वेळी उत्तम ठिणगीही निरुपयोगी ठरते. म्हणून हंगामाच्या आरंभी तपासणी करायची तर ती ताज्या पेट्रोलवरच करावी.

एक सिलिंडर की दोन्ही?

ठिणगीवर संशय स्थिरावला की पुढचा प्रश्न निर्णायक ठरतो. ठिणगी एका सिलिंडरची गेली आहे की दोन्ही? या जातीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र कंडेन्सर आणि स्वतंत्र कॉइल असते. दोन्ही संच एकाच वेळी बिघडण्याची शक्यता कमीच. त्यामुळे ठिणगी दोन्हीकडून गायब असेल, तर दोष दोघांना सामाईक असलेल्या ठिकाणी शोधावा. इंजिन बंद करण्याचा खटका हे त्यातले पहिले ठिकाण. पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनाचे दोन्ही पॉइंट एकदम गंजणे हा मात्र या नियमाला नेहमीचा अपवाद आहे. ठिणगी एकाच बाजूची गेली असेल, तर त्या बाजूचा प्लग, तार, पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल यांपैकी एक गुन्हेगार आहे आणि शेजारचा धडधाकट संच तुलनेसाठी हाताशी आहे. भाग अदलाबदल करून पाहिला आणि दोष त्याच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, की निकाल लागला.

ठिणगी पाहण्याची नेहमीची रीत म्हणजे प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. ही रीत वाईट नाही, पण फसवी आहे. मोकळ्या हवेत प्लगची बारीक फट ओलांडायला फारसा दाब लागत नाही. सिलिंडरमधील दाबलेल्या मिश्रणात तीच उडी कितीतरी अवघड असते. त्यामुळे बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत विझून जाते आणि 'करंट तर येतो आहे' असे म्हणत माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो. फट कमी-जास्त करता येणारा ठिणगी-परीक्षक स्वस्तात मिळतो. पॉइंट असलेल्या मॅग्नेटोची ठिणगी मोकळ्या हवेत सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, अंतर ओलांडू शकली पाहिजे. ती निळसर आणि चटचट आवाज करणारी असावी. पिवळट, बारीक, मधूनच पडणारी ठिणगी म्हणजे ठिणगी नसल्यासारखेच.

तपासताना दोन्ही प्लग काढून ठेवले की चाक वेगाने फिरते. हे महत्त्वाचे आहे, कारण मॅग्नेटोला किमान वेग लागतो. हळूहळू ओढलेल्या दोरीला निरोगी इंजिनही ठिणगी देत नाही. मात्र उघड्या छिद्रांतून पेट्रोलचे तुषार बाहेर पडतात. त्यामुळे परीक्षक छिद्रांपासून दूर लावावा, टाकी बाजूला ठेवावी, इंजिन गिअरमध्ये नाही याची खात्री करावी आणि तार बोटांत धरण्याचा पराक्रम करू नये.

प्लगपासून खटक्यापर्यंत

भाग तपासण्याचा क्रम स्वस्त आणि सोप्यापासून महाग आणि अवघडाकडे जाणारा असावा. अर्थातच पहिला मान प्लगचा. निरोगी इंजिनाच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसते. काळे आणि तेलकट टोक म्हणजे तेलाचे प्रमाण जास्त, मिश्रण फार गडद किंवा ठिणगी अशक्त. केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनांत काजळी लवकर साचते. एक प्लग तपकिरी आणि दुसरा ओलाचिंब असेल, तर दुसरा सिलिंडर कामच करत नव्हता हे निश्चित. प्लगची फट इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची असावी. या वर्गातील अनेक जुन्या इंजिनांत ती सुमारे ०.७५ मिलिमीटर असते. प्लगच्या बाबतीत फार चिकित्सा न करता योग्य क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहणे हेच उत्तम, कारण बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या प्लगच्या चिनीमातीला आतून तडा गेलेला असू शकतो.

त्यानंतर प्लगची तार आणि रबरी टोपी. टोपीतील स्प्रिंग गंजलेली असते किंवा तारेच्या आवरणाला चीर पडून वीज वाटेतच इंजिनाच्या धातूकडे पळते. हे पाहण्याची जुनी आणि खात्रीची युक्ती म्हणजे काळोखात इंजिन फिरवणे. गळणारी वीज निळ्या रेषेसारखी चमकून स्वत:चा ठावठिकाणा सांगते.

दोन्ही सिलिंडर मेलेले असतील तर बंद करण्याच्या खटक्याकडे वळावे. हा खटका इंजिनाला वीज देत नाही. तो ठिणगी मारतो. बटण दाबले की जाड वेटोळ्यातील प्रवाह थेट इंजिनाच्या धातूत उतरतो आणि पॉइंट उघडले तरी ठिणगी पडत नाही. खाऱ्या पाण्याने खटक्यात क्षार साचले, आतील स्प्रिंग अडकली किंवा तारेचे आवरण घासून उघडे पडले, की बटण न दाबताही तेच घडते. सुरक्षेच्या दोरीची क्लिप निघालेली असणे हे तर सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त वेळा विसरले जाणारे कारण. खटक्याकडे जाणारी तार तात्पुरती सोडवून ठिणगी पाहावी. ती परतली तर दोष सापडला. मात्र तार सोडलेल्या अवस्थेत इंजिन बटणाने बंद होणार नाही. ते चोक ओढून बंद करावे लागेल हे ध्यानात ठेवावे आणि तशा स्थितीत होडी पाण्यात मुळीच नेऊ नये.

चाकाखालचा संसार

येथवर दोष सापडला नाही, तर फ्लायव्हील उतरवावे लागते. पुष्कळ इंजिनांचे कायमचे नुकसान होते ते याच टप्प्यावर. चाक निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. नट सोडवून वरून हातोडा मारल्यास क्रँकशाफ्ट वाकू शकतो. कडेला पहार घालून उचकटल्यास चाक तडकते. योग्य पुलर चाकाच्या मधल्या छिद्रांत बसवून ते सरळ वर ओढणे हाच मार्ग.

चाक निघाले की आधी दांड्यावरील छोटी अर्धचंद्राकृती चावी पाहावी. चाक आणि दांडा यांचा परस्परसंबंध तीच निश्चित करते. नट ढिला राहिल्याने किंवा पंखा खडकावर आपटल्याने ही चावी अर्धवट कापली जाते. मग ठिणगी उत्तम असते, पण अवेळी पडते. इंजिन दोरीला उलटा झटका देते, कार्ब्युरेटरमधून फटकारते, पण चालत नाही. ठिणगी आहे, इंधन आहे, दाब आहे आणि तरीही इंजिन निपचित, या कोड्याचे उत्तर अनेकदा या नखाएवढ्या तुकड्यात असते.

नंतर पॉइंट. पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनाचा हा सर्वांत सामान्य दोष. पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा गंजाचा पातळ थर जमतो आणि ते मिटले तरी वीज पुढे जात नाही. पॉइंटची बारीक कानस फिरवून, मग अल्कोहोलमध्ये भिजवलेला स्वच्छ जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढला की थर निघतो. जाडाभरडा पॉलिशपेपर वापरू नये. त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात. नव्या पॉइंटवरही संरक्षक लेप असतो, तोही पुसावा लागतो. पॉइंटवर तेल येत असेल तर चाकाखालील ऑइल सील गळते आहे. ते न बदलता पॉइंट साफ करणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणे.

पॉइंटमधील फट उंचवट्याच्या सर्वोच्च बिंदूवर फिलर गेजने मोजावी. जॉन्सन आणि एव्हिनरूड नाममुद्रांच्या पुष्कळ जुन्या इंजिनांत ती ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. या मापाचा संबंध केवळ ठिणगीच्या ताकदीशी नाही, वेळेशीही आहे. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. फट कमी झाली की ती उशिरा पडते. दोन सिलिंडरच्या फटी वेगवेगळ्या ठेवल्या तर दोघे वेगवेगळ्या तालावर चालतील.

पॉइंट साफ करूनही लवकर जळत असतील, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होत असेल, तर कंडेन्सर संशयित ठरतो. या वर्गातील कंडेन्सरचे मूल्य साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते आणि कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरने ते तपासता येते. सर्वांत शेवटी कॉइल. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अनेक आउटबोर्ड इंजिनांच्या कॉइलचे आवरण काळानुसार तडकते आणि भेगांतून ओलावा आत शिरतो. तडा डोळ्यांना दिसत असेल तर अधिक चाचणीची गरज नाही; कॉइल बदलावी.

मूळ कंपनी बंद पडल्यावर सुटे भाग मिळतील का, हा प्रश्न साहजिक आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या एव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. तरीही या इंजिनांची संख्या एवढी मोठी, की त्यांचे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल इतर उत्पादक बनवत राहिले. अडचण भाग मिळण्याची कमी आणि नेमका कोणता भाग हवा हे ठरवण्याचीच जास्त असते.

तापल्यावर रुसणारे इंजिन

सर्वांत चकवणारा दोष येतो आणि जातो. समजा, एक इंजिन सकाळी दुसऱ्या दोरीला सुरू होते, अर्धा तास उत्तम चालते आणि मग एकाएकी बंद पडते. वीस मिनिटे विसावा दिला की पुन्हा सुरू. किनाऱ्यावर मेकॅनिक येईपर्यंत ते थंड झालेले असते आणि त्याच्यासमोर शहाण्या मुलासारखे वागते. मालक प्लग बदलतो, कार्ब्युरेटर साफ करतो, पण दुखणे तसेच राहते.

अशा वर्तनाची दोन मुख्य कारणे संभवतात. टाकीचा हवेचा स्क्रू बंद असेल, तर जसजसे इंधन कमी होते तसतशी आत पोकळी तयार होऊन पुरवठा थांबतो. थोड्या वेळाने हवा झिरपली की तो पूर्ववत होतो. दुसरे कारण कॉइलचे. उष्णतेने तारा आणि आवरण प्रसरण पावतात, आतील सूक्ष्म तुटीचे अंतर वाढते आणि ठिणगी जाते; थंडावा आला की तूट पुन्हा जुळते.

दोन्हींतील भेद ओळखण्याची संधी इंजिन बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांतच असते. रबरी हातपंप दाबताच इंजिन सावरत असेल, तर दोष इंधनाचा. हातपंप घट्ट असूनही ते सुरू होत नसेल, तर तापलेल्या अवस्थेतच ठिणगी तपासावी. ही तपासणी किनाऱ्यावर, इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून करावी. थंडाव्यासाठी इंजिन बाहेरचे पाणी ओढत असल्याने ते कोरड्यावर चालवल्यास आतील पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काही क्षणांत खराब होतो.

पॉइंट नसलेली इंजिने

१९७० च्या दशकात आउटबोर्ड इंजिनांत पॉइंटची जागा सीडीआय नावाच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोठ्या प्रमाणावर घ्यायला सुरुवात केली. यात एक कॉइल वीज निर्माण करते, ती एका डबीतील कपॅसिटरमध्ये साठवली जाते आणि दुसऱ्या छोट्या कॉइलचा इशारा मिळताच ती एकदम सोडली जाते. झिजणारे पॉइंट नसल्याने देखभाल कमी आणि ठिणगी जोरदार. परीक्षकावर ती सुमारे ११ मिलिमीटर अंतर ओलांडते. विचारांचा क्रम मात्र तोच राहतो: दाब, इंधन, ठिणगी, मग एक की सगळे, मग खटका.

फरक आहे तो मोजमापात. येथील वीज क्षणिक झटक्यांच्या रूपात असल्याने साधा मल्टिमीटर चुकीचे आकडे दाखवतो. झटक्याचे शिखर मोजणारा विशेष जोड त्यासाठी लागतो. ही डबी महाग असते आणि दोष नेमका कळला नाही की आरोप तिच्यावरच ठेवला जातो. प्रत्यक्षात खटक्याची गंजलेली तार किंवा ढिला अर्थिंगचा स्क्रू हेच कारण अनेकदा निघते. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढतो आणि तो आवरणाखाली आतपर्यंत पसरतो. जुन्या स्वयंपाकघरात कल्हई गेलेल्या भांड्यात जे घडत असे, तेच येथे तारेत घडते. म्हणून महाग डबीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक जोड उघडून, घासून, पुन्हा आवळावा.

इंजिन होडीच्या पोटात बसवलेले आणि पेट्रोलवर चालणारे असेल, तर आणखी एक काळजी अटळ ठरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती होडीच्या तळाशी साचते. तिथे ठिणगीची परीक्षा घेणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काडी ओढणे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या सूचनेनुसार अशा होडीत इंजिन सुरू करण्यापूर्वी वाफ बाहेर फेकणारा पंखा किमान चार मिनिटे चालवायचा असतो. मोटारीचे स्वस्त सुटे भाग अशा इंजिनाला लावू नयेत, कारण होडीसाठी बनवलेले भाग आतील ठिणगी बाहेर पडू नये अशा रीतीने बंदिस्त केलेले असतात.

भर पाण्यात काय करावे?

हे सारे ज्ञान किनाऱ्यावरचे. भर पाण्यात इंजिन बंद पडले, तर पहिला हात पान्याकडे नव्हे, नांगराकडे गेला पाहिजे. उथळ पाण्यात नांगर टाकला की होडी स्थिर होते, तोंड लाटेकडे राहते आणि विचार करायला वेळ मिळतो. त्यानंतर सर्वांनी जीवरक्षक जॅकेट घातले आहे हे पाहावे आणि मग चारच गोष्टी तपासाव्यात: सुरक्षेच्या दोरीची क्लिप, टाकीचा हवेचा स्क्रू, हातपंपाचा घट्टपणा आणि प्लग. इतक्यावर इंजिन सुरू झाले नाही, तर समुद्रात फ्लायव्हील उघडण्याचा प्रयत्न करू नये. वल्ही हाती घ्यावीत किंवा मदत मागावी. भारतीय तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे. होडीत नेहमी योग्य क्रमांकाचे दोन नवे प्लग, प्लगचा पाना, कोरडे फडके, वल्ही आणि पुरेशा दोरासह नांगर असलाच पाहिजे.

दुरुस्तीपेक्षा राखण अर्थातच स्वस्त पडते. हंगाम संपताना इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतील मीठ धुऊन काढावे, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपू द्यावे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोरी हलकेच ओढून ते पसरवावे आणि प्लग पुन्हा बसवावेत. टाकी रिकामी करून ठेवावी. तारांच्या जोडांवर पाणीरोधक ग्रीसचा हात फिरवावा. एका वहीत प्लगचा क्रमांक, पॉइंटची फट, बदललेले भाग आणि त्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. पुढच्या वेळी इंजिन गप्प झाले, तर निदानाचा अर्धा भाग त्या वहीत आधीच लिहिलेला असेल.